टाकीच्या वरचा ठिपका

माझा ठिपका पाण्याच्या टाकीच्या वर दिसता कामा नये, असा हुकूम होता. हुकूम माझ्या पोटच्या पोरीचा, रोझेल्डाचा. ती केप टाउनला बसून नकाशा उघडते आणि इथे डोरिंगक्लूफमध्ये आपली आई कुठे उभी आहे ते बघते. मी परसात मिरच्यांना पाणी घालतेय, चर्चला गेलेय की डेनव्हरच्या टायरच्या दुकानात गप्पा छाटत बसलेय, सगळं तिला तिथून कळतं. गाव संपून डोंगर सुरू होतो तिथे नगरपालिकेची टाकी आहे. टाकीच्या खाली मी काय वाट्टेल ते करावं. वर पाऊल टाकायचं नाही.

निमित्त झालं मागच्या हिवाळ्याचं. स्वयंपाकघराच्या पायरीवर दव गोठलं होतं, मी घसरले आणि मनगट मोडलं. आता हाड मोडण्याचं मला कौतुक नाही. मी आयुष्यभर या भागात ॲम्ब्युलन्स चालवली, लोकांची मोडलेली हाडं उचलून उचलून माझी कंबर गेली. पण रोझेल्डा आली ती मी अर्धी मेलेय असं तोंड करूनच.

"मा, तुझी खोली तयार आहे," ती म्हणाली. "पिवळे पडदे लावलेत."

"पडदे छान असतील. तूच झोप तिथे."

"पुढच्या वेळी मान मोडेल."

"मोडली तर माझ्याच पायरीवर मोडेल ना, तुला काय त्रास?"

हे बोलायला नको होतं. ती रडली. मग तहाची बोलणी झाली. मी माझ्या घरात राहायचं, पण अंगावर सतत ट्रॅकर बाळगायचा. ठिपका टाकीच्या वर दिसला की ती गाडी काढणार, मला उचलणार आणि पिवळ्या पडद्यांत नेऊन ठेवणार. मी हो म्हटलं. मनगट प्लास्टरमध्ये असलं की माणूस कशालाही हो म्हणतो.

ट्रॅकर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि दर थोड्या वेळाने रेडिओवर सांगते, ड्रिका विंडवोगेल इथे आहे. तिच्यावर बोलता येत नाही, ऐकता येत नाही, म्हणून मी तिला मुकी म्हणते. मुकीचा आवाज लहान. तो डोंगरावरचा मोठा डबा ऐकतो आणि तेच मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. गावात आमच्या रेडिओ क्लबातल्या सारेलच्या घरी रेडिओ चालू असतो, तो ते पकडून इंटरनेटवर टाकतो. मग जगात कुणीही बघावं. एवढंच आहे ते, आणि हे सगळं हौशी रेडिओवाल्यांनी आपापल्या हाताने उभं केलेलं. कंपनी नाही, सरकार नाही.

चीड कशाची, तर ही विद्या रोझेल्डाला शिकवली मीच आणि तिच्या बापाने. शाळेत होती तेव्हा इसाकने तिला मागे लागून रेडिओची परीक्षा द्यायला लावली. दर वर्षी डोंगरामागच्या घळीतून धावायची शर्यत असते, त्या दिवशी आम्ही तिघं नकाशापुढे बसायचो आणि धावणाऱ्यांच्या मागे जाणाऱ्या स्वयंसेवकांचे ठिपके मोजायचो. आता नकाशापुढे ती एकटी, आणि ठिपका मी.

डोंगरावरचा डबाही इसाकचाच. डोंगराचं नाव कागदावर लांबलचक आहे, आम्ही त्याला टकल्या म्हणतो, कारण वर गवताची काडी नाही. इसाक रेल्वेत सिग्नलवर होता. आमच्यासारख्या रंगाच्या माणसाला या गावच्या रेडिओ क्लबात पाय ठेवता येत नव्हता, त्या काळात त्याने घरी बसून अभ्यास केला. पुढे राज्य बदललं, क्लबाचं दार उघडलं, पण खुर्ची कुणी पुढे करेना. तेव्हा या पठ्ठ्याने काय केलं असेल? एक जुना ट्रकचा रेडिओ, बॅटरी आणि सौर पत्रा पाठीवर घेतला आणि टकल्यावर नेऊन लोखंडी पेटीत बसवला. डब्याने स्वतःची ओळख दर दहा मिनिटांनी द्यायची असा नियम आहे, आणि ओळख म्हणजे मालकाची कॉलसाइन, परवान्याबरोबर मिळालेलं त्याचं रेडिओवरचं नाव. झालं. ज्यांनी त्याला खुर्ची दिली नाही त्यांच्या प्रत्येकाच्या गाडीत, शेतावर, बैठकीच्या खोलीत दर दहा मिनिटांनी इसाक विंडवोगेल हजर. तो डबा नसेल तर घळीतलं काही ऐकू येत नाही, म्हणून बंदही करता येईना. इसाक घरी बसून खदाखदा हसायचा.

आमच्या रेडिओवाल्यांत माणूस वारला की 'गप्प झाला' म्हणतात. इसाक चार वर्षांपूर्वी गप्प झाला. त्याचा डबा झाला नाही. नकाशावर टकल्याच्या माथ्यावर त्याची कॉलसाइन तशीच होती. ती माझ्या नावावर करून घ्यायचा अर्ज मी कधीच टाकलाय, सरकार आपल्या चालीने चाललंय.

तर शर्यतीच्या आठवड्यात डबा बंद पडला.

गुरुवारी सारेलच्या ओट्यावर क्लबातले सगळे जमलो. सारेल म्हणजे क्लबचा अध्यक्ष, टपाल खात्यातला टेलिफोनवाला, निवृत्त. माणूस गुडघ्यापर्यंत मोजे घालतो आणि मोज्यात कंगवा खोचतो. गोरा माणूस, म्हणून पूर्वी मी त्याला साहेब म्हणायची. इसाकने ते मोडून काढलं.

"डबा मेलाय, ड्रिका," सारेल म्हणाला.

"मेला नाही. ऊन चढलं की मधेच उठतो. काल उठला होता. मेलेलं माणूस दुपारी उठून बसत नाही."

"मग आजारी म्हण."

"पत्र्याची वायर सैल झाली असेल. बबून माकडांनी ओढली असेल. अर्ध्या तासाचं काम."

"अर्ध्या तासाचं वर. आणि चढायला कोण जाणार?" त्याने आपल्या गुडघ्यावर टिचकी मारली. आत धातू आहे. "वाट तुला आणि मला माहीत. मी जाऊ शकत नाही आणि तुला जायचं नाही."

"शनिवारी शर्यत आहे."

"आयोजकांना कळवतो, यंदा घळीत आमची नजर नसेल. त्यांचं ते बघतील. आणि नवीन वर्षात तो डबा उतरवून क्लबचा चांगला नवा बसवू. क्लबच्या नावाने."

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. माझ्या पाठीमागे. डेनव्हर तेवढा माझ्याकडे बघत होता, त्याचं पोट इतकं आहे की कपात बघायला त्याला वाकता येत नाही.

"मावशी, वाट सांगा, मी जातो," तो म्हणाला.

"तू टाकीपर्यंत गेलास तरी तुला उचलायला ट्रॅक्टर लागेल."

सगळे हसले आणि बैठक मोडली. मी हसले नाही. गेल्या वर्षी याच घळीत एक शाळामास्तर पाय मोडून पडला होता. मागून येणाऱ्या स्वयंसेवकाचा ठिपका थांबला म्हणून आम्हाला कळलं आणि अंधार पडायच्या आत माणूस वर आणला. यंदा तसा कुणी पडला तर त्यांचं ते बघतील म्हणे. आणि इसाकला उतरवणार. मला केप टाउनला नेणार आणि त्याला भंगारात. दोघांची सोय एकाच झटक्यात.

शुक्रवारी उजाडताच मी पिशवी भरली. वायर, पक्कड, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, थर्मासमध्ये लाल चहा, दोन रस्क. मुकी स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. आता खरं सांगते, एक क्षण मनात आलं की हिला इथेच ठेवावं. ठिपका दिवसभर शहाण्यासारखा घरी बसेल, रोझेल्डा खूश, मी डोंगरावर. कुणाला पत्ता लागणार नाही.

मग माझीच मला लाज वाटली. मी काय शेळीचोर आहे का, की लपतछपत जाऊ? या डोंगरात मी काळोखात, पावसात, बाळंतिणीला मागे घालून गाडी चालवलीय. इसाकने आपलं नाव लपवलं असतं तर त्याचं आयुष्य सोपं गेलं असतं, त्याने ते डोंगराच्या टाळक्यावर नेऊन बसवलं. मी मुकीला टोपीवर बांधलं, अँटेना वर करून. बघायचंय ना? मग नीट बघ.

टाकी ओलांडली आणि मुकी बोलली तोच फोन वाजला.

"मा, तू कुठे आहेस?"

"तुला दिसतंय की."

"टाकीच्या वर आहेस."

"मग विचारतेस कशाला?"

"मा, चेष्टा पुरे. मागे फिर."

"तुझ्या बापाचा डबा बंद पडलाय. चालू करून येते."

"सारेलकाका तो काढणार आहेत. त्यांनी मला सांगितलं."

"तुलासुद्धा सांगितलं? मला सोडून गावात सगळ्यांना सांगितलं की काय?"

"मी निघतेय, मा. गाडी घेऊन. आपलं ठरलं होतं."

"ये. येताना कॉफी आण, इथली भुशासारखी लागते."

तेवढ्यात फोन मेला. लोडशेडिंग. गावाची वीज गेली की मोबाइलचा मनोराही थोड्या वेळाने मान टाकतो, त्या दिवशी लगेच टाकली. मनोऱ्याच्या बॅटऱ्या दर वर्षी चोरीला जातात. सारेलच्या घरी मात्र स्वतःची वीज आहे, त्यामुळे त्याचा रेडिओ चालू होता आणि समोरच्या उतारावर असेपर्यंत माझा ठिपका त्याला थेट ऐकू येत होता.

वाट वर चढून एका अरुंद कड्यावरून जाते आणि मग डोंगराच्या मागे, घळीत शिरते. कड्यावर खाली बघायचं नाही, उजवा हात भिंतीला लावून चालायचं. तिथेच मुकी शेवटचं बोलली असणार. पुढे मधे आख्खा डोंगर, आणि वरचा डबा बंद. मी घळीत शिरले आणि नकाशावर माझा ठिपका त्या कड्यावर चिकटून राहिला. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इतकी वर्षं हेच तर केलं. पण आपण स्वतः ठिपका असलो की असं काही सुचत नाही. मी आपली चढत होते, गुडघ्यांना शिव्या घालत आणि सारेलला त्याहून जास्त.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. पेटीच्या बाजूला एक भलामोठा बबून बसला होता, क्लबच्या अध्यक्षासारखा. दगड भिरकावल्यावर गेला, पण घाईने नाही. वायर त्यांनीच ओढली होती. तुटली नव्हती, आतल्या दोन तारांवर लोंबत होती, म्हणून ऊन असलं तरी डबा वाऱ्यावर कधी उठायचा कधी झोपायचा. मी तेवढा तुकडा कापला, नवी वायर जोडली, वरून दगड रचले. पेटी उघडली तर आत उंदरांनी माइकची वायर कुरतडून भुगा केला होता. बाकी रेडिओ ठीक. बटण दाबलं.

रेडिओचा पडदा उजळला आणि नुसता कलकलाट सुरू झाला. ठिपक्यांचे निरोप असे एकामागून एक, एकावर एक, श्वास घ्यायला जागा नाही. पडद्यावर नावं सरकत होती आणि प्रत्येकापुढे किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला ते. सारेल. डेनव्हर. खाटीकवाड्यातले दोघं भाऊ. शेतकरी, चर्चचा पाद्री, पेट्रोल पंपवाली. क्लबच्या झाडून सगळ्या गाड्या डोंगराच्या पायथ्याला, आणि सगळे त्या कड्याकडे सरकत होते. बापरे, म्हटलं, कड्यावरून पडलं कोण?

मग उजेड पडला. मी पडले होते.

मी आधी पोट धरून हसले. मग टोपी काढून मुकीकडे बघितलं. ती बोलली की लागतो तो हिरवा दिवा लागत नव्हता.

याचं कारण असं. कुणी हरवलं की आमच्याकडची पहिली पद्धत म्हणजे शोधायला जाणाऱ्याने स्वतःचा ठिपका पाठवत राहायचा, म्हणजे शोधणाराच हरवायला नको. पद्धत चांगली आहे. पण सारेलने घाबरून सांगितलं असणार, दर दहा सेकंदांनी पाठवा. चॅनल एकच, सगळ्यांनी त्याच्यावर ओरडायचं. खाली दऱ्याखोऱ्यांत एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, प्रत्येकाला वाटतं रस्ता मोकळा आहे. वर माथ्यावर मात्र सगळ्यांचं ऐकू येतं. आणि मुकी शिस्तीची. दुसरं कुणी बोलत असेल तर ती थांबते, संपलं की बोलते. संपतच नव्हतं. मला शोधायला आलेल्या सगळ्यांनी मिळून माझं तोंड बंद केलं होतं.

बरं, डबा परत चालू झाला हे तरी कुणाच्या ध्यानात यावं? नाही. ऊन चढलं की तो उठतो, हे मीच त्यांना गुरुवारी तावातावाने सांगितलं होतं.

माइक उंदरांनी खाल्लेला, फोनला रेंज नाही, आणि डेनव्हर त्या कड्याकडे निघालेला. त्या कड्यावर मला भीती वाटते, डेनव्हरचं काय झालं असतं? हसू गेलं. आणि रोझेल्डा कुठेतरी महामार्गावर, फोनवर तो चिकटलेला ठिपका बघत गाडी हाकत असेल.

पण डबा शिस्तीचा नव्हता. इसाकने त्याला तसाच बसवला होता, कुणी बोलत असो नसो, आपलं म्हणणं मांडायचं, आणि बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्याने. स्वभावच होता तो त्याचा. डब्याच्या ओळखीबरोबर एक ओळ मजकूर जातो. इसाकच्या काळापासून त्यात लिहिलेलं होतं, 'टकल्या, सर्व ठीक'. तो मजकूर समोरचं चाक फिरवून बदलता येतो, एकेक अक्षर शोधत. मी चष्मा लावला आणि बसले.

आधी लिहिलं, 'ड्रिका माझ्यापाशी आहे'. मग म्हटलं, मेलेल्या नवऱ्याच्या नावाने असा निरोप गेला तर सारेल तिथेच आडवा होईल. पुसलं. शेवटी लिहिलं, 'ठिपके बंद करा. मी वर आहे, धडधाकट. ड्रिका'. आणि पाठवायचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, बोट दुखेपर्यंत. प्रत्येक गाडीतल्या पडद्यावर इसाक विंडवोगेलच्या नावाने तो निरोप जाऊन आदळत होता.

कलकलाट विरळ झाला. आधी पाद्री थांबला, मग भाऊ, मग एकेक करत सगळे. शेवटी डेनव्हर. आणि मग काहीच नाही. फक्त वारा. टोपी मांडीवर घेऊन मी त्या दिव्याकडे बघत होते. मुकीचा हिरवा दिवा लागला, आणि लगेच शेजारी डब्याचा. तिने सांगितलं, त्याने ऐकलं आणि पुढे सांगितलं. मी थर्मास उघडला, रस्क चहात बुडवून खाल्ले आणि थोडी रडले. ते कुणाला दिसलं नाही, ठिपक्यावर तसलं काही दिसत नाही.

उतरताना कडा ओलांडल्यावर डेनव्हर भेटला. कमरेला दोर, घामाने निथळलेला.

"मावशी, मी इथून खाली हाका मारून घसा बसवला, आणि तुम्ही वर चहा पीत होता."

"निरोप मिळाला ना?"

"मिळाला. इसाककाकांचं नाव दिसलं, मी आधी टोपी काढली. मग वाचलं."

खाली सारेल ट्रकला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा. मोज्यातला कंगवा कुठे पडला होता देव जाणे.

"दर दहा सेकंदांनी असं मीच सांगितलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. वरून सगळं ऐकलं."

"मला वाटलं तू गेलीस, ड्रिका."

"मला न्यायची तुम्हा सगळ्यांना भारीच घाई."

त्याने बूट मातीत घासला. "डबा कसा आहे?"

"ठणठणीत."

"मग राहू दे तिथे."

"राहू दे म्हणणारा तू कोण? तो आहेच तिथे. तू खुर्ची देत नव्हतास तेव्हापासून आहे."

हे जरा जास्त झालं, पण झालं ते झालं. सारेलने मान हलवली. मग पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि लंगडत पुढे चालायला लागला.

टाकीपाशी रोझेल्डाची गाडी उभी होती. मागच्या सीटवर रिकामी खोकी, घडी केलेली. माझं सामान भरायला. ती टाकीच्या कठड्यावर बसली होती, हातात कॉफीचं पाकीट. बाकीचे शहाणे होते, हळूच पांगले.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तास तुझा ठिपका कड्यावर होता. हलत नव्हता. मी गाडी चालवत होते आणि हलत नव्हता."

"ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबलं असं नसतं. हे तुला तुझ्या बापाने शिकवलंय."

"शिकवलं होतं. तेव्हा तो ठिपका माझ्या आईचा नव्हता."

मी तिच्याशेजारी बसले. टाकीतून पाणी झिरपत होतं, नगरपालिका ते कधी दुरुस्त करणार नाही.

"मी येणार नाही, रोझी," मी म्हटलं. "खोकी उघडू नकोस."

"ठरलं होतं."

"ठरलं होतं ते मोडलं. तुझ्यासमोर मोडलं, तुला दाखवून मोडलं. ट्रॅकर घरी ठेवून गेले असते तर तुला काही कळलं नसतं."

"तसं का नाही केलंस मग?"

"तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. पण तुझं ऐकायचंही नव्हतं."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. बापाचंच नाक आहे, हसू दाबलं की फुगतं.

"आणि मला सांग," मी म्हटलं, "तू इस्पितळातून रात्रपाळी करून एकटी गाडी चालवत घरी जातेस, त्या शहरात. मी तुला नकाशावर शोधते का? तुला टाकी आखून दिलीय का मी? बघायचं तर दोघींनी बघायचं. नाहीतर कुणीच नाही. तुझ्या बापाचा गाडीतला ट्रॅकर अजून कपाटात आहे, परवाना तुझ्याकडे आहे. डेनव्हर बसवून देईल."

"आणि ही टाकी?"

"टाकी नगरपालिकेची आहे. माझी नाही."

ती हो म्हणाली नाही. पण गाडीतली खोकी तिने उघडली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांत निखाऱ्यावरच्या रोट्या, जर्दाळूचा मुरंबा आणि पाण्याच्या बाटल्या भरून धावणाऱ्यांसाठी घळीच्या तोंडाशी नेल्या. शर्यत झाली. मी सारेलच्या ओट्यावर नकाशापुढे बसले, ती माझ्या शेजारी. घळीत कुणी पडलं नाही. एकाला फक्त उलट्या झाल्या. दर दहा मिनिटांनी इसाकने सांगितलं, 'टकल्या, सर्व ठीक'. मजकूर मी पहिल्यासारखा करून आले होते.

रविवारी दुपारी ती परत निघाली, बापाचा ट्रॅकर काचेला लावून. मी स्वयंपाकघरात बसले, डेनव्हरने बॅटरीवरच्या लॅपटॉपवर, सारेलच्या घरच्या इंटरनेटला जोडून, नकाशा लावून दिला होता. पोरीचा ठिपका आमच्या रस्त्याने गेला, महामार्गाला लागला, सरळ पळायला लागला. मजा वाटली. चहा ठेवला.

मोठ्या घाटाच्या अलीकडे ठिपका थांबला.

तिथे एक पट्टा असा आहे की कुणाचाच डबा पोचत नाही. हे मला माहीत आहे. या भागातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. मी स्वतःला सांगितलं, ड्रिका, डोंगर आड आलाय, बस. मग म्हटलं, पेट्रोल भरत असेल. मग म्हटलं, इतका वेळ कसलं पेट्रोल? त्या घाटात मी किती गाड्या उलटलेल्या पाहिल्यात, कापून माणसं काढलीत, प्रत्येक वळण तोंडपाठ आहे. फोन लावला. लोडशेडिंग. मी उठले, बसले, पुन्हा उठले. ठिपका हलत नव्हता. चहा उतू गेला, चूल विझली, मला वास आला तेव्हा कळलं.

मग ठिपका एकदम घाटाच्या पलीकडे उगवला आणि आपला निवांत पळत राहिला.

संध्याकाळी वीज आल्यावर तिचा फोन आला.

"पोचले, मा. बघत होतीस का?"

"मधूनमधून. कामं पडली होती."

"घाटात दिसले नसेन थोडा वेळ."

"हो का? माझं लक्ष नव्हतं. चहा उतू गेला तो पुसत होते."

ती म्हणाली, "बरं, मा," तिच्या लहानपणच्या आवाजात, आणि मला कळलं की तिला कळलंय.

टकल्यावर मी आजही जाते. बबून आहेत, वायर आहे, कुणीतरी जायलाच हवं. फक्त हल्ली निघण्याआधी रोझेल्डाला फोन करते, घळीत इतका वेळ दिसणार नाही, माथ्यावर पोचले की डब्यावरून निरोप टाकीन. परवानगी मागत नाही. सांगून जाते.